हेझ, बॉब

(२० डिसेंबर १९४२–१८ सप्टेंबर २००२). अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विख्यात कृष्णवर्णीय धावपटू व व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलपटू. पूर्ण नाव रॉबर्ट ली हेझ. १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिक सामन्यांत त्याने १०० मी. धावण्याची शर्यत आणि ४ × १०० मी. रिले शर्यत या दोहोंत सुवर्णपदके मिळविली व पुढील वर्षापासून डॅलस काउबॉइज या व्यावसायिक फुटबॉल संघात ‘रिसीव्हर’ म्हणून दहा हंगाम गाजविले. ऑलिंपिक सुवर्णपदक आणि व्यावसायिक फुटबॉलमधील सुपर बोल सामन्याच्या विजेतेपदाची अंगठी हे दोन्ही मान मिळविणारा तो एकमेव खेळाडू होय. एका खेळातील नैपुण्य दुसऱ्या खेळात घेऊन जाणारे खेळाडू अनेक होऊन गेले. तथापि आपल्या आगमनाने त्या दुसऱ्या खेळाच्या बचावतंत्राला निराळे वळण लावणारे फार थोडे. हेझची कारकीर्द अभ्यासनीय ठरते ती याच कारणाने. ज्या बदलाला तो निमित्त झाला, त्याच बदलाने पुढे त्याची कामगिरी आकड्यांत उणी दिसू लागली आणि त्या उण्या आकड्यांवरूनच त्याचे मूल्यमापन दीर्घकाळ होत राहिले, हा त्या कारकीर्दीतील विपर्यास आहे.

हेझचा जन्म फ्लॉरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल येथे एका गरीब कुटुंबात झाला. त्याचे बालपण शहराच्या पूर्व भागातील कृष्णवर्णीयांच्या वस्तीत गेले. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत वर्णभेदाचे कायदे अंमलात होते. शाळा वेगळ्या, मैदाने वेगळी आणि आंतरशालेय स्पर्धा भरविणाऱ्या संघटनाही वेगळ्या. हेझ ज्या मॅथ्यू गिल्बर्ट विद्यालयात शिकला, त्याच्या फुटबॉल संघाने १९५८ साली बारापैकी बाराही सामने जिंकून राज्याचे अजिंक्यपद मिळविले. परंतु ते अजिंक्यपद केवळ कृष्णवर्णीय शाळांपुरते होते. गौरवर्णीयांच्या शाळांशी या संघाची गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता. अशा बलाढ्य संघात हेझ हा राखीव हाफबॅक होता, ही गोष्ट पुढील इतिहास पाहता लक्षणीय वाटते. फुटबॉलखेरीज तो शाळेकडून इतर खेळांतही भाग घेई व धावण्यात त्याला गाठणारा शाळेत कोणी नव्हता.

फ्लॉरिडातील मोठ्या सरकारी विद्यापीठांच्या क्रीडासंघांत त्या वेळी कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. त्यामुळे हेझने टॅलाहॅसी येथील फ्लॉरिडा अ‍ॅग्रिकल्चरल अँड मेकॅनिकल युनिव्हर्सिटी या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात नाव दाखल केले. तेथील फुटबॉल प्रशिक्षक अलॉन्झो ऊर्फ जेक गेदर यांची ख्याती कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या क्षेत्रात मोठी होती. त्या वर्तुळाबाहेर मात्र ती फारशी पोहोचलेली नव्हती. हेझला शिष्यवृत्ती मिळाली ती प्रामुख्याने फुटबॉलसाठी आणि तो स्वतःलाही आधी फुटबॉलपटू व नंतर धावपटू समजत असे. त्याच्या कारकीर्दीचा विचार करताना हा क्रम ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. धावपटू फुटबॉलकडे वळला असे त्याच्याविषयी सर्रास लिहिले जाते. वस्तुस्थिती अशी, की एक फुटबॉलपटू काही वर्षे धावण्यात जगज्जेता होता.

ही वर्षे थोडी असली, तरी विलक्षण होती. १९६२ मध्ये हेझने १०० यार्ड अंतर ९·२ सेकंदांत धावून त्या वेळच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. २१ जून १९६३ रोजी सेंट लूइस येथील राष्ट्रीय स्पर्धेत त्याने हेच अंतर ९·१ सेकंदांत कापून नवा जागतिक विक्रम नोंदविला. पुढे अनेकांनी या वेळेशी बरोबरी केली. तथापि ती मोडून ९ सेकंदांची नोंद होण्यास १९७४ साल उजाडावे लागले. १९६४ च्या आरंभी बंदिस्त क्रीडागारातील ६० यार्डांची शर्यत त्याने ५·९ सेकंदांत जिंकली. हे अंतर ६ सेकंदांहून कमी वेळात पार करणारा तो पहिला धावपटू ठरला. 

हेझची धावण्याची ढब पाठ्यपुस्तकी नव्हती. त्याच्या पूर्वीच्या नामवंत धावपटूंच्या धावण्यात जो तोल व जी सहजता दिसे, तिचा हेझच्या ठिकाणी अभाव होता. पावले किंचित आत वळलेली, खांदे डावी-उजवीकडे हेलकावे घेत असलेले आणि भरदार शरीर अक्षरशः रेटत पुढे चाललेले, असे ते दृश्य असे. पाच फूट अकरा इंच उंची व सुमारे १८५ पौंड वजन हा त्याचा बांधा धावपटूपेक्षा फुटबॉलच्या मैदानाला अधिक शोभणारा होता. आरंभी तो इतरांच्या मागे पडल्यासारखा दिसे. परंतु शर्यतीच्या मध्यावर त्याच्या गतीत जी वाढ होई, ती पाहणाऱ्यांना अविश्वसनीय वाटे. ‘बुलेट’ म्हणजे बंदुकीची गोळी हे त्याचे टोपणनाव याच गुणावरून रूढ झाले.

टोकिओच्या सामन्यांपूर्वी जून १९६४ मध्ये एका शर्यतीत त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला. त्यामुळे प्राथमिक निवड चाचणीस तो मुकला. मात्र अंतिम चाचणीत त्याला संधी देण्यात आली व त्याने ती जिंकली. टोकिओ येथे उपांत्य शर्यतीत त्याने ९·९ सेकंद वेळ नोंदविली. परंतु पाठीमागून वाहणारा वारा नियमाने ठरविलेल्या मर्यादेहून अधिक असल्याने ती विक्रम म्हणून ग्राह्य धरली गेली नाही. १५ ऑक्टोबर १९६४ रोजी झालेल्या अंतिम शर्यतीत त्याच्या वाट्याला सर्वांत आतील, म्हणजे पहिली मार्गिका आली. टोकिओचा धावमार्ग हा भाजलेल्या कोळशाच्या बारीक खडीचा होता. कृत्रिम पृष्ठभागाचा वापर ऑलिंपिकमध्ये १९६८ पासून सुरू झाला, त्यामुळे खडीच्या मार्गावर झालेले ते अखेरचे ऑलिंपिक सामने. लांब पल्ल्याच्या शर्यतींतील धावपटू आतील मार्गिकेलाच चिकटून धावतात आणि आदल्याच दिवशी १०,००० मी. शर्यत होऊन गेलेली असल्याने पहिल्या मार्गिकेची खडी ठिकठिकाणी उखडली होती. शिवाय हेझच्या बुटांच्या जोडीतील एक बूट ऐन वेळी सापडेना व संघातील एका सहकाऱ्याचा बूट मागून घेऊन त्याने शर्यत धावली, असे तो पुढे सांगत असे. हरवलेल्या बुटाच्या या कथेत त्याच सामन्यांत मुष्टियुद्धाचे सुवर्णपदक मिळविणारा जो फ्रेझर याचेही नाव येते. ती थोडीफार रंगवली गेली असणे शक्य आहे.

इतक्या अडचणी असतानाही हेझने १० सेकंदांत शर्यत जिंकून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. क्यूबाचा एन्रिके फिगेरोला दुसरा व कॅनडाचा हॅरी जेरोम तिसरा आला. विद्युत्‌घड्याळातील सूक्ष्म नोंदीनुसार हेझची वेळ १०·०६ सेकंद, तर फिगेरोलाची १०·२५ सेकंद होती. ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत शंभर मीटरांच्या अंतरात पहिल्या व दुसऱ्या क्रमांकामध्ये सुमारे दोन मीटरांची तफावत क्वचितच पडते. 

त्याची खरी थोरवी मात्र २१ ऑक्टोबरला झालेल्या रिले शर्यतीत प्रकट झाली, असे बहुतेक जाणकारांचे मत आहे. पॉल ड्रेटन, जेरी अ‍ॅशवर्थ, रिचर्ड स्टेबिन्झ व हेझ असा अमेरिकेचा चमू होता. पहिल्या तिघांची बॅटनची देवघेव सुरळीत झाली नाही आणि हेझच्या हाती बॅटन आली, तेव्हा अमेरिका पाचव्या स्थानावर होती. उरलेल्या शंभर मीटरांत हेझने पुढील चौघांना मागे टाकले व अंतिम रेषेपर्यंत चांगले तीन मीटरांचे अंतर मिळविले. अमेरिकेने ३९ सेकंदांचा जागतिक विक्रम प्रस्थापित केला. पोलंडला दुसरा व फ्रान्सला तिसरा क्रमांक मिळाला. रिलेतील शेवटचा धावपटू पळत असतानाच बॅटन घेत असल्याने त्याची वेळ स्थिर अवस्थेतून सुरू होणाऱ्या शर्यतीशी ताडून पाहता येत नाही. तरीही हेझच्या त्या धावेचे जे निरनिराळे अंदाज करण्यात आले, ते ८·५ ते ८·९ सेकंदांच्या दरम्यान आहेत. यांतील कमीतकमी आकडा कदाचित उत्साहाच्या भरात काढलेला असेल. परंतु अधिकातील अधिक आकडा मानला, तरी उखडलेल्या खडीवरील ती धाव असामान्य ठरते. भारतीय क्रीडारसिकांना टोकिओचे सामने स्मरतात ते हॉकीतील सुवर्णपदकामुळे. धावण्याच्या इतिहासात मात्र ते या रिलेच्या शेवटच्या शंभर मीटरांमुळे नोंदले गेले आहेत.

ती त्याची अखेरची शर्यत होती. त्या वेळी त्याचे वय २१ वर्षे होते. यामागील कारण तत्कालीन हौशीपणाच्या नियमांत शोधावे लागते. कोणत्याही एका खेळात मोबदला घेणारा खेळाडू ऑलिंपिकच्या दृष्टीने व्यावसायिक समजला जाई व धावण्याच्या मान्यताप्राप्त स्पर्धांचे दार त्याला बंद होई. या नियमाचा सर्वांत क्रूर फटका जिम थॉर्प या आदिवासी अमेरिकन खेळाडूला बसला होता. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमधील त्याची दोन सुवर्णपदके, पूर्वी किरकोळ मानधनावर तो बेसबॉल खेळला एवढ्याच कारणावरून १९१३ मध्ये काढून घेण्यात आली. ती परत करण्याचा निर्णय १९८२ मध्ये, थॉर्पच्या मृत्यूनंतर २९ वर्षांनी झाला. हेझपुढे दुसरा मार्ग नव्हता. धावण्याने कीर्ती मिळत होती, उपजीविका नव्हे. गरिबीतून वर आलेल्या तरुणाने फुटबॉलचा करार स्वीकारला यात नवल नाही. नवल वाटावे ते एवढेच, की जगातील सर्वांत वेगवान धावपटूची धाव ऐन उमेदीत थांबविणारी ही व्यवस्था त्या काळी बहुतेकांना रास्त वाटत होती.

डॅलस काउबॉइज संघाने खेळाडूंच्या वार्षिक निवडीत हेझचे नाव तो विद्यापीठात असतानाच सातव्या फेरीत राखून ठेवले होते. डिसेंबर १९६३ मध्ये झालेल्या या एकाच निवडीत डॅलसने मेल रेन्फ्रो, हेझ व रॉजर स्टॉबाक असे तीन खेळाडू मिळविले आणि या तिघांनाही कालांतराने व्यावसायिक फुटबॉलच्या गौरवभवनात स्थान लाभले. इतर संघ ज्यांच्याकडे फारसे फिरकत नसत, अशा कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत डॅलसचे निवडकर्ते चिकाटीने खेळाडूंचा शोध घेत. त्या धोरणाचे हेझ हे ठळक फळ होय.

येथे अमेरिकन फुटबॉलच्या स्वरूपाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे फुटबॉल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाशी त्याचे साम्य नावापुरतेच आहे. चेंडू लंबगोलाकार असून तो हातात घेऊन पळता येतो किंवा फेकता येतो. दोन्ही संघांचे प्रत्येकी ११ खेळाडू मैदानावर असतात. चेंडू ज्या संघाकडे असेल, त्याला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकावे लागते. प्रतिस्पर्ध्याच्या अंत्यक्षेत्रात चेंडू नेल्यास ‘टचडाउन’ होऊन सहा गुण मिळतात. संघाचा सूत्रधार असलेला क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि मैदानाच्या कडेने पुढे धावत जाऊन तो झेलणारा खेळाडू म्हणजे रिसीव्हर. त्याला केवळ वेगाने पळून भागत नाही. ठरलेल्या मार्गाने धावणे, नेमक्या पावलावर वळणे, बचावपटूला हुलकावणी देणे, मान मागे वळवून डोक्यावरून येणारा चेंडू झेलणे आणि झेलताक्षणी अंगावर येणाऱ्या खेळाडूचा आघात सोसणे, ही सर्व कौशल्ये त्याच्या अंगी असावी लागतात.

म्हणूनच नामवंत धावपटूंना फुटबॉल संघात घेण्याचे प्रयोग बहुधा फसले. १९६१ मध्ये १०० यार्डांचा ९·२ सेकंदांचा विक्रम करणारा फ्रँक बड हेझच्या आधी व्यावसायिक फुटबॉलमध्ये आला. पण दोन हंगामांपलीकडे टिकला नाही. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये १०० मी. शर्यत जिंकणारा जिम हाइन्झ आणि २०० मी. शर्यत जिंकणारा टॉमी स्मिथ यांनीही नंतर हा मार्ग चोखाळला. दोघांच्या नावावरील झेलांची संख्या एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहे. हेझच्या यशाने भुरळ पडलेल्या संघांनी त्याचा वेग तेवढा पाहिला. गेदर यांच्या हाताखाली गेलेली त्याची फुटबॉलची वर्षे पाहिली नाहीत.

अर्थात हेझही आरंभी परिपूर्ण रिसीव्हर नव्हता. विद्यापीठात तो प्रामुख्याने चेंडू घेऊन पळणारा हाफबॅक होता. झेल घेणे हे त्याचे दुय्यम काम होते. काही सोपे झेल त्याच्या हातून सुटत, अशी तक्रार अखेरपर्यंत होत राहिली व ती निराधार नव्हती. परंतु पहिल्याच, म्हणजे १९६५ च्या हंगामात त्याने ४६ झेल घेऊन १,००३ यार्डांची मजल मारली. दर झेलामागे सरासरी सुमारे २२ यार्ड पडले व १२ टचडाउन झाले. १९६६ मध्ये ६४ झेल, १,२३२ यार्ड व १३ टचडाउन अशी त्याची कामगिरी झाली. या दोन्ही वर्षी झेल घेऊन केलेल्या टचडाउनमध्ये संपूर्ण संघमालिकेत तो अग्रस्थानी होता. १३ नोव्हेंबर १९६६ रोजी वॉशिंग्टनविरुद्धच्या एकाच सामन्यात त्याने २४६ यार्ड मिळविले. त्यांत ९५ यार्डांच्या एका टचडाउनचा समावेश होता. त्या काळी हंगाम केवळ १४ सामन्यांचा असे आणि चेंडू फेकण्यापेक्षा तो घेऊन पळण्यावर संघांचा भर असे, हे लक्षात घेतल्यास या आकड्यांचे महत्त्व स्पष्ट होते. लाथेने उडविलेला चेंडू घेऊन परत धावण्यातही तो वाकबगार होता. १९६८ मध्ये अशा परतधावांत सरासरी २०·८ यार्ड मिळवून त्याने पहिला क्रमांक पटकाविला.

हेझच्या वेगाने प्रतिस्पर्धी संघांपुढे जो पेच निर्माण केला, तो त्याच्या कारकीर्दीचा गाभा होय. तोपर्यंत बचावाची सर्वसामान्य पद्धत एकास एक अशी होती. प्रत्येक रिसीव्हरमागे एक बचावपटू नेमलेला असे व तो त्याची पाठ सोडत नसे. या पद्धतीत दोघांचा वेग साधारण सारखा आहे, असे गृहीत धरलेले असते. हेझच्या बाबतीत हे गृहीतच कोसळले. त्याच्या बरोबरीने धावू शकेल असा बचावपटू कोणत्याही संघात नव्हता, कारण तसा माणूस जगातच नव्हता. बचावपटू आधीच दहा-बारा यार्ड मागे सरकून उभा राहिला, तर हेझ मध्येच थांबून आखूड पल्ल्याचा चेंडू झेली. जवळ उभा राहिला, तर त्याला ओलांडून निघून जाई. एकट्या हेझमागे दोन बचावपटू लावावेत, तर डॅलसच्या दुसऱ्या एखाद्या खेळाडूला मोकळे रान मिळे. 

यावर संघांनी दोन उपाय योजले. पहिला बळाचा. त्या वेळच्या नियमांनुसार चेंडू फेकला जाईपर्यंत बचावपटूला रिसीव्हरशी झटापट करता येई. त्यामुळे हेझला सुरुवातीच्या रेषेवरच धक्का देऊन त्याची गती मोडावयाची, असा परिपाठ पडला. दुसरा उपाय बुद्धीचा. बचावपटूंनी माणसामागे न धावता मैदानाचा ठराविक भाग वाटून घ्यावयाचा, त्या भागात जो येईल त्याला अडवावयाचे आणि एखादा बचावपटू सर्वांच्या मागे खोलवर राखावयाचा. ही ‘झोन’ म्हणजे क्षेत्रवार बचावाची पद्धत होय. तिच्यात एकट्याच्या वेगाला दुसऱ्या एकट्याने उत्तर द्यावे लागत नाही. रिसीव्हर एका रक्षकाच्या हद्दीतून निसटला, की दुसऱ्याच्या हद्दीत शिरतो.

या पद्धतीचा जनक हेझ होय, असे अमेरिकन क्रीडावाङ्‌मयात वारंवार म्हटले जाते. ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. क्षेत्रवार बचाव १९५० च्या दशकातही काही संघ प्रसंगोपात्त वापरीत असत आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस बाल्टिमोर कोल्ट्‌स संघाने तो ज्या काटेकोरपणे बसविला, त्याचे श्रेय त्या संघाच्या प्रशिक्षकांना द्यावयास हवे. तथापि जो उपाय पूर्वी क्वचित केला जाई, तो १९६५ नंतर नित्याचा झाला, आणि सर्व संघांना त्याची एकाच वेळी निकड भासली, यामागे हेझ होता याविषयी शंका घेण्यास जागा नाही. त्याच्याविरुद्ध खेळलेल्या व त्याच्या बाजूने खेळलेल्या अनेक खेळाडूंची साक्ष याबाबत एकच आहे. 

परिणाम त्याच्या आकड्यांत दिसतो. १९६७ मध्ये ९९८ यार्ड, १९६८ मध्ये ९०९ व १९६९ मध्ये ७४६ यार्ड असा उतार लागला. हजार यार्डांचा टप्पा त्याने पुन्हा कधीही गाठला नाही. परंतु १९७० मध्ये अवघ्या ३४ झेलांत त्याने दर झेलामागे २६ यार्ड मिळविले व १० टचडाउन केले, यावरून त्याचा धाक कमी झाला नव्हता हे उघड होते. चेंडू त्याच्याकडे येत नसला, तरी दोन-तीन रक्षक त्याच्या दिशेला अडकून पडत आणि त्या मोकळ्या जागेचा लाभ त्याच्या सहकाऱ्यांना होई. हा लाभ कोणत्याही तक्त्यात नोंदविला जात नाही.

प्रशिक्षक टॉम लँड्री यांच्या मार्गदर्शनाखाली डॅलसचा संघ १९६६ पासून सातत्याने निर्णायक फेऱ्यांत पोहोचत होता. परंतु अंतिम यश हुलकावणी देत होते. यांतील दोन प्रसंग हेझच्या दृष्टीने क्लेशदायक ठरले. १ जानेवारी १९६७ रोजी ग्रीन बे पॅकर्स संघाविरुद्धच्या अजिंक्यपदाच्या सामन्यात डॅलस सात गुणांनी मागे असताना चेंडू टचडाउनपासून दोन यार्डांवर होता व एकच प्रयत्न शिल्लक होता. त्या रचनेत हेझच्या जागी वास्तविक दुसरा, अडविण्यात तरबेज असा खेळाडू असावयास हवा होता. घाईत बदल झाला नाही. हेझला समोरच्या दणकट बचावपटूला थोपविता आले नाही, क्वार्टरबॅक डॉन मेरेडिथवर दडपण आले व त्याने कसाबसा फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने झेलला. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी त्याच संघाशी पुन्हा गाठ पडली ती शून्याखाली गेलेल्या तापमानात. हा सामना ‘आइस बोल’ म्हणजे हिमसामना या नावाने प्रसिद्ध आहे. फ्लॉरिडाच्या उष्ण हवेत वाढलेला हेझ, चेंडू आपल्याकडे येणार नसेल तेव्हा हात विजारीत खुपसून उभा राही. ग्रीन बेच्या खेळाडूंनी ही खूण ओळखली व त्यावरून डॅलसची चाल त्यांना आधीच कळू लागली. दोन्ही सामने डॅलसने गमावले.

१७ जानेवारी १९७१ रोजी पाचव्या सुपर बोल सामन्यात बाल्टिमोरकडून १६–१३ असा पराभव पत्करावा लागल्यानंतर, १६ जानेवारी १९७२ रोजी न्यू ऑर्लीन्स येथे सहाव्या सुपर बोलमध्ये डॅलसने मायामी डॉल्फिन्झ संघाला २४–३ असे नमविले. हेझचा या सामन्यातील प्रत्यक्ष वाटा मोठा नव्हता. मात्र त्या हंगामातील ८४० यार्ड व ८ टचडाउन पाहता विजेतेपदातील त्याचे योगदान नाकारता येत नाही.

त्यानंतरची उतरण जलद होती. १९७२ मध्ये त्याला एकही टचडाउन करता आला नाही. तरुण रिसीव्हर संघात आले व १९७४ मध्ये त्याच्या वाट्याला संपूर्ण हंगामात सात झेल आले. १९७५ मध्ये डॅलसने त्याला सॅन फ्रान्सिस्को संघाकडे सोपविले. तेथे चार सामने खेळल्यावर त्याला मुक्त करण्यात आले आणि वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्याची कारकीर्द संपली. एकंदर ३७१ झेल, ७,४१४ यार्ड, सरासरी २० यार्ड व झेलाद्वारे ७१ टचडाउन ही त्याची अखेरची नोंद होय. हे सर्व ७१ टचडाउन डॅलससाठी केलेले होते. या संघातील त्याचा तो विक्रम डेझ ब्रायंट या खेळाडूने २०१७ मध्ये मोडला.

निवृत्तीनंतरची वर्षे कष्टाची गेली. मद्य व अमली पदार्थ यांच्या आहारी गेलेल्या हेझने मार्च १९७९ मध्ये वेषांतर केलेल्या पोलिसाला अमली पदार्थ दिल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला आणि टेक्सस राज्यातील तुरुंगात सुमारे दहा महिने काढले. व्यसनमुक्तीसाठी त्याला पुढेही दीर्घकाळ झगडावे लागले. रन, बुलेट, रन हे त्याचे आत्मचरित्र १९९० मध्ये प्रसिद्ध झाले; त्यात त्याने स्वतःच्या दोषांवर पांघरूण घातलेले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मैदानी क्रीडा गौरवभवनात त्याचा समावेश १९७६ मध्येच झाला होता. डॅलस संघाने आपल्या सन्मानितांच्या नामावलीत त्याला स्थान दिले ते सप्टेंबर २००१ मध्ये. तोपर्यंत कर्करोग व यकृताचे विकार यांनी त्याचे शरीर पोखरले होते. पुढील वर्षी १८ सप्टेंबर रोजी मूत्रपिंडे निकामी होऊन जॅक्सनव्हिल येथे त्याचे निधन झाले.

ओहायओ राज्यातील कँटन येथील व्यावसायिक फुटबॉलच्या गौरवभवनात त्याची निवड होण्यास लागलेला विलंब हा अमेरिकन क्रीडाक्षेत्रातील एक गाजलेला वाद आहे. त्याच्या झेलांची संख्या अपुरी आहे, असा एक आक्षेप असे. हा आक्षेप फारसा टिकणारा नाही. त्याचा समकालीन पॉल वॉरफील्ड याचे झेल ४२७, म्हणजे हेझहून केवळ ५६ अधिक आहेत व दोघांची सरासरी जवळजवळ सारखी आहे. तरी वॉरफील्डची निवड १९८३ मध्येच झाली. वॉरफील्ड हा अधिक सफाईदार व भरवशाचा झेलकरी होता हे मान्य केले, तरी एवढ्या अंतराचे समर्थन त्याने होत नाही. शिवाय रिसीव्हरला धक्का देण्यावर १९७८ मध्ये सुरुवातीच्या रेषेपासून पाच यार्डांची मर्यादा घालण्यात आली. त्यानंतर झेलांचे आकडे झपाट्याने फुगले आणि त्या नव्या मापाने जुन्या खेळाडूंना मोजण्याची सवय लागली. हेझच्या तुरुंगवासाचा परिणाम निवडकर्त्यांच्या मनावर झाला होता, असाही एक तर्क आहे. गौरवभवनाच्या नियमांनुसार केवळ मैदानावरील कामगिरी विचारात घ्यावयाची असते. परंतु गुप्त मतदानात कोणाच्या मनात काय होते, हे सिद्ध करता येत नाही.

२००४ मध्ये ज्येष्ठ खेळाडूंच्या गटातून त्याचे नाव अंतिम मतदानापर्यंत पोहोचले, पण आवश्यक मते मिळाली नाहीत. या निर्णयाच्या निषेधार्थ पॉल झिमरमन या नामवंत क्रीडालेखकाने निवड समितीचा राजीनामा दिला. पाच वर्षांनी त्याच गटातून त्याचे नाव पुन्हा पुढे आले. ३१ जानेवारी २००९ रोजी त्याची निवड जाहीर झाली आणि त्याच वर्षी ८ ऑगस्टला कँटन येथे झालेल्या समारंभात त्याच्या अर्धपुतळ्याचे अनावरण करण्यात आले. त्या वेळी त्याला अखेरचा सामना खेळून ३४ वर्षे व मृत्यू येऊन जवळजवळ सात वर्षे झाली होती.